९२५ चांदीवर कोरियन 'क्युमबू' पद्धतीने घरी सोनं बसवता येतं का? माझा वर्ख फाटला, काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय की ९२५ चांदीच्या पेंडंटवर मिठाईला लावतात तो सोन्याचा वर्ख ठेवला, गॅसच्या आचेवर तापवून चमच्याच्या पाठीने दाबला. वर्ख काही ठिकाणी फाटला, काही ठिकाणी दिसेनासा झाला आणि चांदी काळी पडली. तरी क्युमबू घरी होतं, अगदी छान होतं. तुमचा हात चुकलेला नाही, साहित्य चुकलंय.

मी सहा वर्षं सोलमध्ये राहते आणि इथेच चांदीकाम शिकले. इथे चांदीचा चमचा आणि चॉपस्टिक्स यांची जोडी भेट द्यायची जुनी पद्धत आहे. अशा चमच्यांच्या दांड्यावर पुष्कळदा सोन्याचं एखादं फूल किंवा अक्षर दिसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तो मुलामा वाटला. बोटाने चाचपलं तर कड लागेना. आमच्या शिक्षिकाबाईंनी सांगितलं, हे क्युमबू. 'क्युम' म्हणजे सोनं (कोरियन तोंडी 'गम' असं ऐकू येतं), 'बू' म्हणजे जोडणं. सोन्याचं पाणी चढवलेलं नाही, डागही (धातू वितळवून दिलेला सांधा) दिलेला नाही. तापलेल्या चांदीवर सोन्याचा पत्रा दाबला की दोन्ही धातू एकमेकांना धरतात.

धरतात कसे, हे कळलं की तुमच्या दोन्ही चुका आपोआप कळतील. सोन्याचे आणि चांदीचे अणू आकाराने जवळजवळ सारखे, त्यांची रचनाही सारखी, म्हणून हे दोन धातू कुठल्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, सोनं १०६४ ला. क्युमबू मात्र ३०० ते ४०० अंशांच्या आसपासच होतं. काहीही वितळत नाही, फक्त सीमेवरचे अणू इकडून तिकडे जातात. त्यासाठी दोन्हींचा थेट स्पर्श हवा. मध्ये काही आलं की संपलं.

तुमच्याकडे मध्ये आलं ते तांबं. ९२५ चांदीत साडेसात टक्के दुसरा धातू असतो, बहुधा तांबंच. तापवल्यावर ते वर येऊन काळं पडतं आणि त्या थरावर सोनं बसत नाही. त्यामुळे आधी पृष्ठभागावरचं तांबं काढून टाकायचं: पेंडंट काळपट होईपर्यंत तापवायचं, निवू द्यायचं, मग लिंबूसत्वाच्या गरम पाण्यात उजळायचं, धुवायचं, पितळी ब्रशने साबणाच्या पाण्यात घासायचं. हे एकदा करून भागत नाही. सहा-सात वेळा करावं लागतं. दर खेपेला काळेपणा कमी होतो आणि शेवटी तापवलं तरी चांदी खडूसारखी पांढरी राहते. ते दिसलं की वर शुद्ध चांदीचा पातळ थर तयार झाला. त्यानंतर कानस नाही, पॉलिश पेपर नाही, बोटसुद्धा नाही. मला हा टप्पा फार आवडतो, पण तुम्हाला कंटाळा येणार असेल तर सरळ ९९९, म्हणजे जवळजवळ शुद्ध, चांदीचा पत्रा घ्या, यातलं काहीच करावं लागणार नाही. डाग द्यायचा असेल, कडी जोडायची असेल, ते सगळं सोनं लावण्याआधी उरकून घ्या.

दुसरी चूक वर्खाची. मिठाईचा वर्ख मायक्रॉनच्याही (मिलिमीटरचा हजारावा भाग) काही अंशाइतका पातळ असतो. तो फाटतो, नाहीतर चांदीत जिरून जातो. तुमचं सोनं 'दिसेनासं' झालं ते असंच. क्युमबूला २४ कॅरेटचा चोख पत्रा लागतो, साधारण १० मायक्रॉन जाडीचा. खर्चाला घाबरू नका. त्या जाडीच्या एका चौरस सेंटीमीटरला जेमतेम ०.०२ ग्रॅम सोनं लागतं. इथे बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला सोन्याची अंगठी देतात, ती बहुतेक एक 'दोन्' म्हणजे ३.७५ ग्रॅमची असते. तेवढ्या सोन्यात १९० चौरस सेंटीमीटर पत्रा होईल. पत्रा ट्रेसिंग पेपरच्या दोन घड्यांमध्ये ठेवून कात्रीने कापा, नुसता कापलात तर चुरगळेल.

आता प्रत्यक्ष काम. गॅसची उघडी ज्योत नको, इलेक्ट्रिक शेगडीवर पितळेचा जाड पत्रा ठेवा आणि त्यावर दागिना. थंड असतानाच ब्रशने पाण्याचा थेंब लावून सोनं जागेवर ठेवा, मग तापू द्या. लाकडी काडीचं टोक चांदीवर ओढून बघा, तपकिरी रेघ उमटली की वेळ झाली. डाव्या हातात चिमट्याने दागिना धरा, उजव्या हातात अकीकाची ओपणी (घासून दाबायचं गुळगुळीत दगडी टोकाचं हत्यार). आधी मध्ये एक हलका ठिपका द्या, मग मधून कडेकडे जा. जोर लावू नका. लक्ष फक्त रंगावर ठेवा: सुटं सोनं चकचकीत असतं, धरलं की एकदम मंद, मऊ पिवळं होतं आणि खालच्या चांदीचा पोत त्यातून वर येतो. त्या क्षणी ओपणीखाली सोनं घसरायचं थांबलेलं हाताला कळतं. फुगा आलाच तर बारीक सुईने टोचून पुन्हा दाबा. स्टीलची ओपणी वापरत असाल तर ती अधूनमधून पाण्यात बुडवून पुसा, नाहीतर तापून सोनं तिलाच चिकटेल.

तुम्ही विचारलंय, निघून येईल का. नीट धरलेलं सोनं सोलून निघत नाही. झिजतं मात्र. म्हणून अंगठीच्या बाहेरच्या कडेला मी लावत नाही; कानातली, पेंडंट, पिन यांना लावते. नंतर कधी दुरुस्तीला द्याल तर सोनाराला आधीच सांगा. माझे एक डूल मी दुरुस्तीला दिले होते. काय आहे ते सांगायचं राहून गेलं, नव्याने डाग देताना ते लालसर होईपर्यंत तापले आणि सोन्याची पानं फिकट पडून चांदीत मिसळून गेली. ती परत आणता येत नाहीत.

सोनं आणखी उठून दिसावं असं वाटलं तर दागिना बंद डब्यात उकडलेल्या अंड्याच्या कुस्करलेल्या बलकाजवळ ठेवा. त्यातल्या गंधकाने चांदी काळी होते, चोख सोनं तसंच पिवळं राहतं.

पेंडंट सध्या बाजूला ठेवा. आधी ९९९ चांदीची बोटभर पट्टी आणि सोन्याच्या पत्र्याचे तांदळाच्या दाण्याएवढे पाच-सहा तुकडे घेऊन बघा. कुठली कड उचलली जातेय त्याचा जवळून फोटो टाका, मी बघून सांगते.