हुतात्मा, शहीद की रक्तसाक्षी?

प्रश्न असा आलाय की रोमन काळात ज्या ख्रिश्चनांना धर्मापायी मारलं त्यांना मराठीत हुतात्मा म्हणावं, शहीद म्हणावं की चर्चमधे म्हणतात तसं रक्तसाक्षी.

मी रक्तसाक्षीच म्हणेन. मूळ ग्रीक शब्द मार्तिस, म्हणजे साधा कोर्टातला साक्षीदार, मरणाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. बायबलात प्रेषितांची कृत्ये २२:२० मधे पहिला ख्रिस्ती रक्तसाक्षी मानल्या जाणाऱ्या स्तेफनाचं रक्त आणि त्याचं साक्षी असणं एकाच वाक्यात येतं. आणि अरबी शहीदसुद्धा साक्षीवरूनच आलाय बरं का! हुतात्मा मात्र यज्ञातला, हुत म्हणजे आहुती दिलेलं. संयुक्त महाराष्ट्रवाल्यांना तो शोभतो, पण इथे जरा पंचाईत होते कारण या लोकांचा गुन्हाच मुळी आहुती द्यायला नकार देणं हा होता, सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप जाळला, ख्रिस्ताला शिव्या घातल्या की सुटका, इसवी सन ११२ च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनीने बिथिनियात (आजच्या तुर्कस्तानात) हीच टेस्ट लावलेली.

आता उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजची पर्पेतुआ बघा. ख्रिश्चन म्हणून मारली गेली, साल २०३, वय बावीसच्या आसपास, चांगल्या घरची, पोर अजून अंगावर पीत होतं. तिने तुरुंगात लिहिलेलं आजही वाचायला मिळतं. बाप समजवायला येतो तर म्हणते, हे भांडं दिसतंय ना, याला भांड्याशिवाय दुसरं काही म्हणता येईल का, तसंच मलाही ख्रिश्चन सोडून दुसरं काही म्हणता येणार नाही. सुनावणीत बाप नातवाला घेऊन उभा, पोराची तरी दया कर म्हणतोय, अधिकारी हिलारियानस पण तेच म्हणतो, ही ऐकत नाही, तेव्हा त्या म्हाताऱ्यालाच छडीने मारलं. तो मार जणू मलाच बसला असं तिने लिहिलंय. नंतर बापाने पोर तिच्याकडे परत दिलंच नाही. तिच्यासोबतची फेलिसितास तर गुलाम, आठव्या महिन्यात तुरुंगातच बाळंत झाली, मुलगी दुसऱ्याच एकीने वाढवली.

रक्तसाक्षीत रक्त फक्त मरणाऱ्याचं येतं, तो बाप आणि ती पोरं येत नाहीत, एवढी उणीव आहे खरी.

आणि छळ सोसून जिवंत राहिलेल्यांना हा शब्द लावू नका. १७७ साली ल्यों शहरातले (आजच्या फ्रान्समधलं) ख्रिश्चन कैदी तर त्यांना कोणी मार्तिस म्हटलं की चिडायचे, तो मान मेलेल्यांचा, आम्ही नुसते कबुली देणारे. त्यांच्यासाठी जडजंबाल शब्द घडवत बसू नये, छळ सोसलेले म्हटलं तरी चालतं.