मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज सुरू होत नसेल तर

भाऊ, जळगावला जाऊन मदरबोर्ड बदलून आणला आणि विंडोज सुरू होईना, म्हणून लगेच डिस्क फॉरमॅट करू नका. नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक हीच असते. प्रथम बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी बोर्डाची सेटिंग्ज, उघडा, कारण जुन्या बोर्डावर विंडोज लेगसी, म्हणजे संगणक सुरू करण्याच्या जुन्या पद्धतीने बसवलेले असेल आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआय ही नवी पद्धत मानत असेल, तर धडधाकट डिस्कवरूनही ते सुरू होत नाही. निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे दिसल्यास बायोसमध्ये साटाची, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या जोडणीची मांडणी (एएचसीआय किंवा रेड) जुन्या बोर्डावर होती तशी करा.

डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरने ती उघडण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली, तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. नव्या बोर्डावर इंटरनेट चालावे म्हणून नेटवर्कचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, मात्र आधीच पेनड्राइव्हवर घ्या. अ‍ॅक्टिव्हेशनचे, म्हणजे विंडोजच्या परवान्याचे, नंतर पाहू.