माफीने काय होतं? ऑस्ट्रेलियातल्या पळवलेल्या मुलांबद्दल

तुम्ही विचारलंय : ऑस्ट्रेलिया सरकारने ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, मुलांना आईबापांपासून तोडल्याबद्दल २००८ मध्ये माफी मागितली. ज्यांनी हे केलं ते कधीच मेले, माफी मागणाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं. मग अशा माफीला काय अर्थ?

आधी ‘कधीच मेले’ याबद्दल बोलते. हे प्रकार साधारण १९१० ते १९७० या काळात चालले. माफी मागणारे पंतप्रधान केविन रड यांचा जन्म सप्टेंबर १९५७चा. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी दक्षिण ऑस्ट्रेलियात ब्रूस ट्रेव्होरो नावाचं तेरा महिन्यांचं बाळ पोटदुखीसाठी ॲडलेडच्या मुलांच्या हॉस्पिटलात नेलं गेलं. काही दिवसांतच आईबापांना न विचारता ते एका गोऱ्या कुटुंबाला सांभाळायला देऊन टाकलं. सहा-सात महिन्यांनी आईने सरकारी मंडळाला पत्र लिहिलं : बाळ कसं आहे, घरी कधी पाठवाल? उत्तर आलं की प्रकृती सुधारतेय, पण डॉक्टरांना अजून उपचार करायचेत. बाळ तेव्हा हॉस्पिटलात नव्हतंच.

मी जवळजवळ वीस वर्षं मेलबर्नमध्ये राहते. या विषयावर जे जे वाचलं, त्यातलं हे पत्र मनातून जात नाही. ती बाई वाट बघत होती, आणि मुलगा मात्र आपण नकोसे होतो म्हणून टाकलं असं समजून वाढला. कितीतरी मुलांना सांगितलं जायचं की तुझी आई मेली, किंवा तिला तू नको होतास. कुटामंड्राच्या वसतिगृहात मुलींना घरकामाला तयार केलं जायचं, किंचेलाच्या वसतिगृहात मुलांना नावाऐवजी नंबरने हाक मारायचे. न्यू साउथ वेल्स राज्यात तर १९१५ नंतर आईबाप हेळसांड करतात हे कोर्टात सिद्ध करायचीही गरज उरली नव्हती. १९९७च्या चौकशी अहवालाचा अंदाज असा की दर दहांत किमान एक, कदाचित तिघांत एक मूल असं उचललं गेलं.

म्हणून मला माफीचा अर्थ वेगळा दिसतो. देशाच्या संसदेत उभं राहून सरकारने सांगितलं की हे आम्ही केलं. म्हणजे तुमच्या आईने तुम्हाला टाकलं नव्हतं. साठ-सत्तर वर्षांच्या माणसाला हे कुणीतरी अधिकाराने सांगणं किती मोठं असेल, याचा विचार करा.

आधीचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ मध्ये खेद व्यक्त केला, पण ‘सॉरी’ म्हणायला नकार दिला. आजच्या पिढीने जुन्या पापांची जबाबदारी का घ्यावी, हा त्यांचा मुद्दा तुमच्यासारखाच होता. पण ॲबोरिजिनल लोकांच्या इंग्रजीत ‘सॉरी बिझनेस’ म्हणजे सुतक, दुखवटा. कुणी गेलं की सगळे जमतात, रडतात, कामं थांबतात. दुखवट्याला बसायला आपण कुणाला मारलेलं असावं लागत नाही.

आणि माफी न मागितल्याने काय होतं, ते आपल्याकडे बघा. ब्रिटिश सत्तेने १८७१ मध्ये काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा आणला. १८९७च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून वेगळी काढून ठेवायची मुभा सरकारला मिळाली. सोलापूरची सेटलमेंट, ते तारेचं कुंपण, आपल्या लोकांना ऐकून तरी माहीत आहे. १९५२ मध्ये कायदा गेला, लोक ‘विमुक्त’ झाले. पण चूक आमची होती असं त्यांना कुणी म्हटलं नाही. म्हणून पारध्याच्या पोराकडे गावात आजही आधी संशयानेच बघतात. शिक्का मारणारा निघून गेला, शिक्का राहिला.

आता माफीने काय झालं नाही, तेही सांगते. रड यांनी भरपाई द्यायला नकार दिला. ट्रेव्होरो २००७ मध्ये कोर्टात जिंकले, सव्वापाच लाख डॉलर मंजूर झाले, आणि पुढच्याच वर्षी, माफीनंतर चार महिन्यांनी ते गेले. इतरांसाठी पैसे राज्यांनी तुकड्यातुकड्यांनी, उशिरा दिले. नॉर्दर्न टेरिटरीतल्या लोकांसाठीची योजना तर २०२१ मध्ये जाहीर झाली. तोवर किती म्हातारे राहिले असतील!

त्याहून वाईट म्हणजे, सरकारी संगोपनाखाली घराबाहेर राहणाऱ्या ॲबोरिजिनल मुलांची संख्या माफीनंतर दुपटीहून वाढली. लोकसंख्येत ते चार टक्केही नाहीत, पण अशा मुलांत चाळीस टक्क्यांहून जास्त त्यांचीच आहेत. २०१४ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गनडा गावच्या आज्या याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या फलकांवर होतं : सॉरी म्हणजे पुन्हा तसं करायचं नाही. सरकारचाच शब्द त्यांनी सरकारपुढे धरला, आणि राज्याच्या बालकल्याण खात्याला त्यांच्यासोबत बसून बोलणी करावी लागली.