निफाडला उसाच्या बांधावर ओल्या मातीत ठसे दिसलेत. कुत्र्याचे की बिबट्याचे, कसं ओळखायचं?

आधी नखं बघा. कुत्र्याच्या चारही बोटांपुढे नखांच्या टोकांच्या खुणा उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे त्या सहसा दिसत नाहीत. तरसाची मात्र दिसतात.

पण घट्ट मातीत कुत्र्याचीही नखं कधीकधी उमटत नाहीत, म्हणून मी जास्त भरवसा तळव्याच्या गादीवर ठेवतो. बिबट्याची गादी मोठी असते आणि तिच्या मागच्या कडेला तीन गोलसर उंचवटे दिसतात. बोटंही तिरकी, एक जरा पुढे. कुत्र्याची गादी लहान, त्रिकोणी आणि ठसा दोन्ही बाजूंनी सारखा.

रुंदी साधारण ७-८ सें.मी. भरली तर बिबट्या धरून चाला. रानमांजराचा ठसा असाच, पण जेमतेम ४ सें.मी. पाटाच्या चिखलात ठसा पसरून मोठा दिसतो, तेव्हा कडेच्या घट्ट मातीतला मोजा. शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा.

ठसे ताजे असतील तर माग काढत उसात शिरू नका, आत पिल्लं असू शकतात. वन विभागाला १९२६ वर कळवा. रात्री पाणी भरायला एकट्याने जाऊ नका.