टेल लाइट आणि मीटरचे दिवे एकदमच गेले तर

प्रश्न : माझ्याकडे जुनी पेट्रोल कार आहे. काही दिवसांपासून तिचे दोन्ही टेल लाइट आणि मीटरचे दिवे एकाच वेळी बंद पडतात; हेडलाइट, ब्रेक लाइट व इंडिकेटर मात्र व्यवस्थित चालतात. फ्यूज बदलला की दिवे लागतात आणि आठवडाभरात पुन्हा जातात. वायरमन १० ऐवजी २० अँपिअरचा फ्यूज टाकू म्हणतात. रात्री पंढरपूरला जाणे-येणे असते. काय करावे?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : २० अँपिअरचा फ्यूज टाकू देऊ नका. बहुतेक जुन्या गाड्यांत पार्किंग, टेल, नंबर प्लेट आणि मीटरचे दिवे एकाच फ्यूजवर असतात, म्हणून ते जोडीने जातात. पुढचे-मागचे चार आणि नंबर प्लेटचे दोन असे ५ वॅटचे सहा बल्ब धरले, तरी ३० वॅट होतात. मीटरचे दिवे मिळवूनही १२ व्होल्टला हा भार चार अँपिअरच्या आतच राहतो. एवढ्या भाराने १० अँपिअरचा लाल फ्यूज उडणार नाही. तो उडतो याचा अर्थ कुठेतरी वायर बॉडीला टेकते आहे, आणि फ्यूज दुप्पट केला तर त्याच्याऐवजी वायरच जळण्याचा धोका असतो.

शोधाची सुरुवात डिकीपासून करावी. नंबर प्लेटच्या दिव्याची वायर ज्या गाड्यांत डिकीच्या झाकणातून जाते, तेथे बिजागरीजवळच्या रबरी नळीत ती उघड-मिटीने रोज वाकते आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने इन्सुलेशन कडक होऊन तडकते. नळी मागे सरकवून एकेक वायर बोटांनी हलकेच वाकवून पाहावी; तांबे उघडे पडले असेल तर लगेच दिसते. त्यानंतर बाहेरून बसवलेला स्टिरिओ पाहावा, कारण त्याच्या दिव्यासाठीची वायर पुष्कळदा याच सर्किटमधून घेतलेली असते आणि सांध्यावर नुसती टेप गुंडाळलेली असते. मागे ट्रॉलीसाठी काढलेले कनेक्शन असेल तर तेही सोडवून पाहावे.

तरीही दोष सापडला नाही, तर वायरमनकडून एक जुनी युक्ती करून घ्यावी. मीटरचे सोडून या सर्किटमधले बाकी सगळे बल्ब काढून फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडायचा आणि पार्किंगचा स्विच लावायचा. मीटरच्या दिव्यांमुळे तो मंद पेटेल. पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट आहे. मग एकेक कनेक्टर सुटा करत जायचे. ज्याने तेज एकदम उतरेल, ती फांदी दोषी. आठवड्यातून एकदाच फ्यूज उडत असेल, तर गाडी उभी असताना शॉर्ट दिसेलच असे नाही, म्हणून डिकी हळूहळू उघड-मीट करत आणि वायर हलवत ही तपासणी करावी. ज्या नव्या गाड्यांत दिवे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवरून चालतात, तेथे मात्र हा प्रयोग करू नये. तेथे स्कॅनरच लावावा लागतो.

दुरुस्ती होईपर्यंत रात्री गाडी काढू नका. ब्रेक दाबल्यावरच मागे उजेड पडेल, एरवी तुमची गाडी अंधारात दिसणारच नाही; गळीत हंगामात उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉल्यांमुळे आपल्याकडे काय होते, हे आपण पाहतोच.

प्रश्न : टेल लाइट ठीक आहेत, फक्त मीटर अंधारलेले आहे. काय असेल?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी मीटरचा उजेड कमी-जास्त करण्याचे चाक किंवा बटण पाहा, गाडी पुसताना हात लागून ते शेवटपर्यंत खाली गेलेले असू शकते. तसे नसेल तर मीटरमागचे बल्ब किंवा कनेक्टर तपासून घ्यावा. मीटर उघडण्यापूर्वी बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवावा.