नक्षीच काळी का पडते?

प्रश्न: फोर्टमधल्या जुन्या बिल्डिंगींवर नक्षीकाम काळं पडलंय पण बाकी भिंत बरी दिसते. धूर तर सगळीकडे सारखाच ना? आणि आमच्या खिडकीचं ग्रिल सारखं गंजतं, तेही प्रदूषणामुळेच का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: धूर सारखाच, दगड वेगळे. बारीक कोरीव कामाला मुंबईत पोरबंदरचा चुनखडीचा दगड खूप वापरला कारण तो मऊ, आणि आता तोच सोसतोय. धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्यात मिसळला की आम्ल होतं, ते चुनखडीतल्या कॅल्शियम कार्बोनेटला खातं आणि जिप्सम नावाचा क्षार बनतो. जिथे पाऊस लागतो तिथे ते धुवून जातं, सोबत नक्षीची धारही जाते, पण छज्जाखाली, पानाफुलांच्या खाचांत पाणी पोचत नाही, तिथे जिप्सम काजळी धरून बसतं आणि काळी खपली होते, ती सुटली की खालचा दगड घेऊनच पडते. काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, हे असं होत नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 या मानकाच्या डिझेलमध्ये सल्फर 50 वरून 10 पीपीएमवर (दहा लाख भागांत 10 भाग) आलंय, ही खरंच मोठी गोष्ट आहे.

मला जास्त काळजी वाटते ती दगडांच्या आत बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांची, कारण गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि दगड आतूनच फोडतो, बाहेरून बराच काळ कळतही नाही. आणि प्लीज, अशा नक्षीवर सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा, कुणी करू नये, उरलीसुरलीही जाईल.

ग्रिलचं म्हणाल तर मुख्य कारण दमट हवा, धुरातले वायू आणि धूळ त्यात भर घालतात. गंज खरवडून, पुसून रेड ऑक्साइड प्रायमर मारा, मगच ऑइलपेंट, आणि हे पावसाळ्याआधी उरकून घ्या.