जुन्या ग्राहकाला अपग्रेड स्वस्तात मिळतं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्याकडे बरीच वर्षं एकाच कंपनीचं टीव्ही कनेक्शन आहे, पैसे एकदाही थकलेले नाहीत. आता नवीन फोरके टीव्ही घेतला म्हणून रेकॉर्डिंगवाला फोरके बॉक्स मागितला, तर कस्टमर केअरने बॉक्सची पूर्ण किंमत सांगितली, इन्स्टॉलेशन वेगळं, शिवाय वरचा पॅक घ्यावाच लागेल म्हणे. आणि त्याच कंपनीच्या जाहिरातीत नवीन ग्राहकाला तोच बॉक्स जवळपास फुकट! विचारलं तर "सर ती ऑफर न्यू कस्टमरसाठी आहे" एवढंच उत्तर. यात काही कमी-जास्त होतं का? मला फोनवर भांडता येत नाही.

उत्तर : होतं, आणि भांडावं लागत नाही. उलट जे शांत बोलतात त्यांचं काम लवकर होतं असं माझं ठाम मत आहे.

आधी कंपनीचा हिशोब समजून घ्या म्हणजे बोलायला बळ येतं. नवीन ग्राहक आणायचा म्हणजे जाहिरात, विक्रेत्याचं कमिशन, बॉक्सवर दिलेली सूट, घरी येणाऱ्या माणसाचा खर्च, आणि हे सगळं वसूल व्हायला कित्येक महिने जातात. तुमच्यावरचा तो खर्च कधीच वसूल झालाय, तुम्ही आता दर महिन्याला निव्वळ कमाई देताय, त्यामुळे तुम्ही गेलात तर कंपनीला लागतं. दर महिन्याला किती टक्के ग्राहक सोडून गेले याला या धंद्यात चर्न म्हणतात आणि त्या आकड्यावर वरच्या लोकांची बारीक नजर असते. म्हणूनच बहुतेक मोठ्या कंपन्यांत रिटेन्शनची वेगळी टीम असते, तिचं कामच जाणाऱ्याला थांबवायचं. पहिल्यांदा फोन उचलणाऱ्याच्या स्क्रीनवर जी स्कीम दिसते तीच तो सांगतो, सूट द्यायचा अधिकार त्याच्याकडे बहुधा नसतोच, तेव्हा त्याच्यावर चिडून काही उपयोग नाही. त्याला एवढंच म्हणा की मला कनेक्शन चालू ठेवायचं की नाही हे ठरवायचंय, ज्यांच्याकडे ऑफर द्यायचा अधिकार आहे त्यांच्याकडे कॉल द्या.

पण फोन लावायच्या आधी तुमचा करार कधी संपतो ते बघा, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि नेमकी हीच लोक बघत नाहीत. लॉक-इन (म्हणजे ठरावीक मुदतीची बांधिलकी) चालू असेल तर मध्येच सोडण्याचा दंड लागू शकतो, तो कंपनीलाही माहीत असतो, मग "मी सोडतो" या म्हणण्याला वजन राहत नाही. करार संपायला महिनाभर उरलाय किंवा संपून गेलाय, ही बोलायची खरी वेळ. ब्रिटनमध्ये तर ऑफकॉम या नियामकाने फेब्रुवारी 2020 पासून नियमच केलाय की टीव्ही, ब्रॉडबँड आणि फोन कंपन्यांनी करार संपायच्या आधी ग्राहकाला कळवायचं आणि त्यांच्याकडचे चांगले दर पण सांगायचे. लोकांना तारीखच माहीत नसते आणि ते जास्तीचे पैसे भरत राहतात, म्हणून हे करावं लागलं.

दुसरं, तुम्हाला नक्की काय हवंय ते ठरवा. फोरके म्हणजे 3840×2160 आणि फुल एचडी म्हणजे 1920×1080, चौपट पिक्सेल झाले, बरोबर आहे, पण चॅनल स्वतः फोरकेत दाखवत असेल तरच त्याचा फायदा. तुम्ही रोज बघता ते चॅनल एचडीच असतील तर चित्र मोठं करून दाखवायचं काम तुमचा टीव्ही स्वतःच करतो, त्यासाठी महागडा बॉक्स लागत नाही. टीव्हीच्या मागे एचडीएमआय पोर्ट असतात, काही टीव्हींत त्यातल्या एखाद्याच पोर्टपाशी एचडीसीपी 2.2 (कॉपी रोखणारी सुरक्षा) लिहिलेलं सापडेल, नाहीतर मॅन्युअलमध्ये बघा, कारण फोरके बॉक्सला बहुधा तसंच पोर्ट लागतं आणि चुकीच्या पोर्टला लावला की पैसे देऊनही चित्र एचडीतच दिसतं किंवा दिसतच नाही. रेकॉर्डिंग हवं असेल तर ट्यूनर (बॉक्समधला चॅनल पकडणारा भाग) किती ते विचारा, एक चॅनल बघताना दुसरा रेकॉर्ड करायचा तर साधारणपणे दोन लागतात. आणि डिस्क केवढी? एचडीचा 8 एमबीपीएसचा प्रवाह तासाला साधारण 3.6 जीबी खातो, म्हणजे 500 जीबीत 140 तासांच्या आसपास. हे सगळं बघितल्यावर कित्येकांना एचडी रेकॉर्डरच पुरतो, आणि तो मागितला की बोलणी एकदम सोपी होतात.

आता प्रत्यक्ष बोलणं. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. सरळ सांगा, "मी इतकी वर्षं ग्राहक आहे, पैसे वेळेवर भरलेत, मला हा बॉक्स हवाय, नवीन माणसाला तो या भावात देताय, दुसरी कंपनी मला अमुक देतेय. तुमच्याकडेच राहायचंय, काय करू शकता?" दुसऱ्या कंपनीची ऑफर खरी असू द्या, पॅकचं नाव आणि महिन्याचा आकडा समोर लिहिलेला असू द्या, कारण ते विचारतात. मग गप्प बसा. समोरून "एक मिनिट होल्ड करता का सर" येईल, करा होल्ड. पहिली ऑफर बहुतेक वेळा हलकीच असते, एखाद्या महिन्याची सूट किंवा एखादा चॅनल फुकट. "धन्यवाद, पण मला बॉक्सबद्दल बोलायचंय" एवढं म्हणायचं आणि पुन्हा गप्प. त्या शांततेत समोरचा माणूस पुढची स्कीम उघडतो, आणि तीच तुमच्या कामाची असते. बॉक्सवर हलतच नसतील तर इन्स्टॉलेशन माफ करा म्हणा, पॅक आहे तोच ठेवू द्या म्हणा, काहीतरी पदरात पडतंच.

आणि इथे खूप जण फसतात. बॉक्स फुकट मिळाला की आपण खूश, पण पैसे दुसरीकडून निघतात. समजा आत्ता महिन्याला 100 जातात. पहिली ऑफर, बॉक्स फुकट, महिना 140, दोन वर्षं बांधील. दुसरी, बॉक्सचे 600, महिना 110, बांधिलकी नाही. दोन वर्षांचे मोजा, पहिलीत 3360 आणि दुसरीत 2640 अधिक 600 म्हणजे 3240. फुकटवाला बॉक्सच महाग पडला आणि वर दोन वर्षं हात बांधले गेले! म्हणून बॉक्सच्या किमतीवर नाही, पूर्ण मुदतीच्या एकूण रकमेवर बोला, आणि "सूट किती महिने, त्यानंतर महिना किती" हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. छुप्या शुल्काचा प्रकार इतका वाढला की अमेरिकेत एफसीसी या नियामकाने मार्च 2024 मध्ये केबल आणि सॅटेलाइट कंपन्यांना सगळं शुल्क धरून एकच एकूण किंमत दाखवायचा नियम काढला.

ठरलं की फोन ठेवायच्या आधीच मेसेज किंवा ईमेल मागा. त्यात बॉक्सचं मॉडेल, महिन्याचे पैसे, सूट संपायची तारीख आणि नवीन लॉक-इन लागतोय का, एवढं असलंच पाहिजे. चॅटवर बोलणं झालं तर अजून चांगलं, सगळं आपोआप लेखी राहतं, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

प्रश्न : मी "बंद करा" म्हटलं तर त्यांनी खरंच बंद करायची रिक्वेस्ट टाकली, ऑफर वगैरे काही नाही. आता काय करू?

उत्तर : घाबरू नका. बऱ्याच कंपन्यांत रिक्वेस्ट टाकल्यावर नोटिशीचा काळ असतो, तोपर्यंत कनेक्शन चालू राहतं आणि या काळात कंपनीकडूनच फोन यायची बरीच शक्यता असते, कधी कधी पहिल्यापेक्षा चांगली ऑफर तेव्हाच येते. तो फोन उचला. मात्र कंपनी सोडायची तुमची खरंच तयारी नसेल तर नोटीस संपायच्या आत तुम्हीच फोन करून रिक्वेस्ट मागे घ्या, त्यात कमीपणा काही नाही. यापुढे "बंद करा" ऐवजी "बंद करायचा विचार करतेय" म्हणा, रिटेन्शनकडे कॉल जायला तेवढं पुरतं.

प्रश्न : अपग्रेड केल्यावर जुन्या बॉक्समधली रेकॉर्डिंग नव्यात घेता येतात का? आणि जुना बॉक्स परत द्यायचा का?

उत्तर : रेकॉर्डिंग बहुतेक वेळा येत नाहीत, ती त्या बॉक्सच्याच चावीने कुलूपबंद केलेली असतात, डिस्क काढून दुसऱ्यात लावली तरी उघडत नाहीत. जे बघायचंय ते बॉक्स बदलायच्या आधी बघून घ्या. काही कंपन्या घरातल्या दोन बॉक्समध्ये शेअरिंग देतात, ते बोलणी चालू असतानाच विचारा. जुना बॉक्स भाड्याचा असेल तर परत द्यावाच लागतो, नाही दिला तर त्याचे पैसे बिलात येतात. तो नेणाऱ्याकडून सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या, रिमोट आणि अडॉप्टरचा उल्लेख पण त्यात करून घ्या, आणि नवीन दराचं पहिलं बिल बरोबर येईपर्यंत ती जपून ठेवा.